अळणी वॉर्डातले नग

पन्नास सालानंतर मी चांद्याच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. किडनी बिघडून अंग सुजलेल्यांचा एक वॉर्ड होता. तेव्हा मशीन-बिशीन कुठलं? मीठ सोडा, पाणी मोजून प्या, एवढंच औषध! जगायचं ह्यांना, अन् लपवाछपवी आमच्याशी! मग किस्से साचणार नाहीत तर काय?

*

नागभीडकडचे एक मालगुजार होते. डॉक्टर म्हणाले, "दिवसाला एक लोटा पाणी, बस्स!" दुसऱ्या दिवशी घरून लोटा आला. नोकरानं तो दोन्ही हातांनी उचलला होता! मी हटकलं तर मालगुजार म्हणे, "साहेब एकच बोलले ना? मी कुठी दोन मांगून राह्यलो?"

*

ह्यांच्याच खाटेखाली लोणच्याची बरणी सापडली.

"काऊन, मीठ तर लोणचं टिकाले टाकते. मी फोडी खातो!"

कपाळ माझं! अन् हा माणूस गावाला अक्कल शिकवायचा.

*

पण सगळ्यांचा गुरू दसरूभाऊ, तलावावर मासे धरणारा. डॉक्टरांनी बजावलं, "मीठ खाल्लंस तर पोरीच्या लग्नात अक्षता टाकायला उरणार नाहीस." दसरूभाऊ ढसाढसा रडला, पोरीची शपथ घेतली. आम्हीही गहिवरलो, मूर्ख कुठले!

त्याच आठवड्यात पाहतो तर दवाखान्यातली सारी मांजरं त्याच्या उशीभोवती. उशीत खारवलेली सुकी मासोळी!

"वळखीची मांजरं हायत, भाऊ. भेटाले आली."

*

त्याची बायको बायजाबाई मात्र खमकी. समोर बसून स्वतःही अळणी भात खायची, त्यालाही खायला लावायची. सूज उतरली. श्रेय घ्यायला डॉक्टर पुढे! "पेशंटला समजवायची पद्धत लागते, कंपाउंडर!"

पोरीच्या लग्नाला डॉक्टर अन् मी दोघंही गेलो. बाईनं सारा स्वयंपाक अळणी केला होता. मीठ पानाच्या डाव्या बाजूला वाढलेलं, ज्यानं त्यानं कालवून घ्यावं. दसरूभाऊच्या पानावर तेवढं नव्हतं. वऱ्हाडी कुरकुरले तशी बाई कडाडली, "मले मायं कुंकू पाह्यजे, तुमच्या जिभेचे चोचले नाई!" वऱ्हाडी मीठ कालवायला लागले.

डॉक्टर मानानं दसरूभाऊच्या उजव्या हाताला, अगदी खेटून बसले. लोकांकडे तोंड करून भाषण सुरू. "पाहा, मनावर घेतलं की माणूस कसा सुधारतो!"

दसरूभाऊ मान खाली घालून मन लावून जेवत होता.

साहेबांनी भाषण मध्येच थांबवून पुन्हा वाढप्याला हाक मारली, "अरे, मीठ आण इकडे! माझं परत संपलं!"