काय खाऊन आलात?

आमच्या दादाचं पोट ही त्याची खाजगी बाब कधीच नव्हती. इतरांचं पोट बिघडलं की घरचे वैतागतात. दादाचं बिघडलं की लोकांची लायसन्सं अडायची.

दादा लायसन्स ऑफिसात परीक्षक. शिकाऊ माणसाच्या शेजारी मांडीवर पॅड घेऊन बसायचं, मैदानातून गाडी फिरवून घ्यायची आणि शेवटी पास की नापास ते सांगायचं, हे त्याचं काम. माणूस कमालीचा प्रामाणिक. उमेदवाराच्या पैशाचा घोटभर चहासुद्धा कधी त्याच्या घशाखाली गेला नाही. सगळा घोळ तिथेच होता. लाच खाणाऱ्याला निदान पटवता तरी येतं. दादाचा निकाल त्याच्या आतड्यात ठरायचा, आणि तिथे कुणाचा वशिला पोचत नाही.

मी त्याची धाकटी बहीण. माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. दोन म्हाताऱ्या गाड्या, दोन्हींना माझ्या पायाशी जादा ब्रेक, आणि त्या ब्रेकवर माझं आयुष्य चाललंय. माझी मुलं परीक्षेला जायची ती माझ्या सख्ख्या भावाकडे, म्हणून लोकांना वाटायचं, हिची चंगळ आहे. कसली चंगळ! एका सुताराला त्याने सलग तीनदा नापास केलं. शेवटच्या वेळी कारण काय, तर ‘हॉर्न उद्धटपणे वाजवला’. आता हॉर्न नम्रपणे कसा वाजवतात ते मी तरी शिकवलेलं नव्हतं.

तर मग मी एक शहाणपणा केला. रोज सकाळी वहिनीला फोन लावायचे. "वहिनी, आज कसं काय?" वहिनी पदराआड बोलल्यासारखं हळूच सांगायची, "ऊन आहे," नाहीतर "ढगाळ आहे गं." ऊन म्हणजे दादाचं पोट साफ. मग कच्ची मुलं पाठवायची. ढगाळ असलं की पक्की तेवढीच पाठवायची, बाकीच्यांना ताप आलाय म्हणून कळवायचं. हळूहळू गावातल्या बाकीच्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांना कुणकुण लागली आणि ते मला फोन करायला लागले. धंद्यातली नीतिमत्ता वगैरे मला कुणी शिकवू नका. त्या सुताराला शिकवा.

बरं, ढगाळ का असणार नाही? दादाचं खाणं बघा. सकाळी रिकाम्या पोटी कॉफी, त्यावर आणखी एक कॉफी. नाश्ता म्हणजे त्याच्या मते रिकामटेकड्या लोकांचा उद्योग. दुपारी कॅन्टीनमधलं जे काही तेलातून निघालं असेल ते. मग डोळे जड, की बिस्किटांचा पुडा फोडायचा. रात्री अख्ख्या दिवसाचा सूड उगवल्यासारखं जेवायचं आणि हात धुतला की आडवं व्हायचं. भाजी ताटात आलीच, तर ती ताटाच्या कडेला ढकलून ठेवायची, वेटिंग लिस्टवर. आणि पाणी फक्त गोळी गिळायला. एवढं करून वर विचारायचा, "माझी चिडचिड का होते कळत नाही."

हे सगळं बदललं एका डॉक्टरीणबाईंमुळे. त्या परीक्षेला आल्या, दादाने शिरस्त्याप्रमाणे नापास केलं. बाई शांतपणे पट्टा सोडत म्हणाल्या, "नापास केलंत ते ठीक आहे हो. पण मला इंजिनाचा आवाज ऐकूच येत नव्हता, इतकं तुमचं पोट ओरडत होतं. मी पोटाचीच डॉक्टर आहे. उद्या दवाखान्यात या."

दादा गेला. तपासण्या झाल्या, रोग काही निघाला नाही. त्याला जरा वाईटच वाटलं. मग बाईंनी त्याला समोर बसवून सांगितलं, की पोट आणि डोकं हे एकाच घरात राहतात, दिवसभर एकमेकांना निरोप पाठवतात. आतड्यात कोट्यवधी बारीक जंतू असतात, त्यातले कितीतरी आपल्या कामाचे, त्यांना भाजी, फळं, कडधान्यं, दही असलं काही मिळालं तर ते नीट वागतात. त्यांना उपाशी ठेवून वर तळलेलं ओतलं तर पोटही बंड करतं आणि त्याची झळ डोक्याला लागते. वेळेवर खा, चावून खा, पाणी प्या, झोपा. एकदम नको, हळूहळू बदला. आणि याने सगळंच बरं होईल असं समजू नका, पण चिडचिड कमी व्हायला हरकत नाही.

दादाने हे सगळं मान डोलावत ऐकलं, घरी आला आणि वहिनीला म्हणाला, "अगं, उद्यापासून मी बदलणार."

म्हणजे कोण कामाला लागलं ते कळलं ना? वहिनी. पहाटे उठून कडधान्यं भिजवा, मोड आणा, भाज्या चिरा, वाफवा, दही विरजा, कोबी मीठ लावून बरणीत आंबवा. दादाचं वेगळं, मुलांचं वेगळं, कारण मुलांनी त्या कोबीकडे बघून नाकं मुरडली. दादा स्वतः फक्त चावायचं काम करायचा. तेवढं मात्र मनापासून करायचा.

खोटं कशाला बोलू, फरक पडला. काही महिन्यांत दादाचा चेहराच बदलला. दुपारी पेंगायचा बंद झाला. सुतार चौथ्या खेपेला पास झाला आणि मैदानातच रडला. मला सकाळी फोन करायची गरज उरली नाही. रोज ऊनच ऊन.

पण देवा, माणूस सुधारला की गप्प बसतो का? दादा प्रवचनकार झाला. ऑफिसात स्वतःच्या टेबलामागे आतड्याचं रंगीत चित्र लावलं. लोक आधी घाबरायचे, त्यांना तो शहराचा नकाशा वाटायचा. आणि उमेदवार गाडीत बसला की पट्टा लावायच्याही आधी त्याचा पहिला प्रश्न, "काय खाऊन आलात?" कुणी म्हणालं, काही नाही, घाईत होतो, की दादा खिडकीतून हाक मारून टेबलाच्या खणातलं केळं मागवायचा. "हे खा. दहा मिनिटं बसा. उपाशी माणसाच्या हातात मी चाक देत नाही." लोक हसायचे, पण खायचे. मैदानाच्या कडेला सालांसाठी वेगळी बादली ठेवावी लागली. ऑफिसातल्या कारकूनबाई म्हणाल्या, "आता तुमचे भाऊ लायसन्सवर वजनही लिहितील."

आता वहिनीकडे येते. तिच्याकडे सगळे असेच शेवटी येतात.

वहिनीला नोकरी चालून आली होती. गल्लीच्या टोकाच्या शाळेला व्हॅन चालवायला बाई हवी होती. मुख्याध्यापिका वहिनीला ओळखत होत्या, म्हणाल्या, शाळा उघडायच्या आत लायसन्स दाखवा, व्हॅन तुमची. लग्नाला इतकी वर्षं झाली, वहिनीने स्वतःसाठी काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मला शिकव. आणि फी घे." मी शिकवलं. फी घेतली नाही म्हणून चार दिवस रुसली होती.

माझ्या हाताखालून एवढी माणसं गेली, पण असा हात नाही बघितला. क्लच सोडताना गाडीला कळायचंही नाही. फक्त एक होतं. उन्हं वर चढली की ती मलूल व्हायची. उजवं म्हटलं की क्षणभर थांबायची. कधी डोळ्यात पाणी. घरात सगळे म्हणायचे, वहिनी हळवीच आहे. दादा तर तज्ज्ञ! तो म्हणायचा, "हिची एनर्जी कमीच पडते, स्वभाव असतो एकेकाचा." मी एकदा गाडी बाजूला घ्यायला लावली, डबा उघडून पुढ्यात ठेवला. "वहिनी, सकाळी काय खाल्लंत?" "अगं, चहा झाला ना." खाऊन झाल्यावर तिने तीच गाडी लोण्यासारखी फिरवली. मी बजावलं, परीक्षेला उपाशी गेलात तर माझ्याशी गाठ आहे. ती म्हणाली, हो हो.

बायकोची परीक्षा दादाने घ्यायची नसते, पण ऑफिसातला दुसरा परीक्षक पाठीच्या दुखण्याने रजेवर. शेजारच्या ऑफिसात तारीख मिळत होती, पण शाळा उघडल्यावरची. शेवटी साहेबांनी परवानगी दिली की दादानेच घ्यावी, मागच्या सीटवर कारकूनबाई साक्षीला बसतील. दादा छाती काढून म्हणाला, "माझ्यासमोर बायको नाही, उमेदवार बसलेला असेल." मला वाटलं, चला, उमेदवार तरी बसू दे.

मी कडेच्या बाकावर होते. वहिनीच्या आधी एक तरणाबांड पोरगा होता. त्याला दादाने विचारलं, केळं दिलं, पाठीवर थापही मारली. मग वहिनी गाडीत बसली. आत काय झालं ते मला नंतर कारकूनबाईंनी सांगितलं. त्यांनी सवयीने खणातलं केळं बरोबरच आणलं होतं. दादा म्हणाला, "असू दे, हिला काय विचारायचं? आमच्याच घरचं खाते."

गाडी निघाली. वळणं झाली, मागे घेऊन झाली, सगळं कसं देखणं. मग चढ आला. चढावर थांबायचं आणि गाडी मागे न जाता पुन्हा निघायचं, बस्स. वहिनी थांबली. आणि थांबूनच राहिली. मी बाकावरून उठले. गाडी सावकाश मागे मागे आली आणि खांबाला टेकली.

दादाने पॅडवर लिहिलं. नापास. बरोबरच लिहिलं, मीही तेच लिहिलं असतं. मग शेऱ्याच्या जागी काय लिहावं म्हणून त्याने सवयीने, मान खाली घालूनच विचारलं, "सकाळी काय खाल्लं होतं?"

वहिनीचे हात अजून चाकावरच होते. ती म्हणाली, "तुमच्या दह्याच्या भांड्याला जे लागलं होतं ते."

ती चिडून म्हणाली नव्हती. तेच तर वाईट होतं. विचारलं, म्हणून सांगितलं. कारकूनबाई म्हणाल्या, मी खिडकीबाहेर बघत बसले. मग दादाने मागे हात करून केळं मागितलं आणि वहिनीपुढे धरलं. तिने दार उघडलं, उतरली, आणि मैदान ओलांडून सरळ माझ्याकडे आली. आतड्यातल्या कोट्यवधी जंतूंची विचारपूस करणारा माणूस हातात केळं धरून तसाच बसून राहिला.

व्हॅन गेली. शाळा काही कुणासाठी थांबत नाही. पहिल्या सत्रात ती दुसऱ्याच बाईंनी चालवली. वहिनी रोज सकाळी खिडकीतून ती व्हॅन जाताना बघायची आणि मग दादाचं दही विरजायला जायची. मला इतका संताप यायचा! मी दादाशी बोलणं टाकलं. त्याच्या ते लक्षात यायला वेळ लागला, कारण तो स्वतःच गप्प झाला होता. ऑफिसातलं आतड्याचं चित्र उतरलं, असं कारकूनबाईंकडून कळलं. केळी मात्र चालू होती.

मग दुसरं सत्र जवळ आलं. त्या दुसऱ्या बाई सोडून चालल्या होत्या. वहिनीने या खेपेला शेजारच्या ऑफिसात तारीख घेतली, दादाला न विचारता. त्या सकाळी मी जुन्या सवयीने फोन लावला. उचलला दादाने. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "आज कसं काय?"

तो काय ते समजला असावा. एवढी वर्षं गाव त्याच्या पोटाचं हवामान विचारत होतं, हे त्याला ठाऊक होतं की काय, कोण जाणे.

"तिने खाल्लं," तो म्हणाला. "अंडी उकडली मी. एक फुटलं. भाजी जरा करपली. पण बसून खाल्लं तिने. मी उभा होतो."

एक अंडं फुटलं, भाजी करपली, आता याचा सत्कार करायचा की काय! मी म्हटलं, "बरं," आणि फोन ठेवला. ठेवल्यावर डोळे का भरून आले, ते मात्र मला विचारू नका.

तिथला परीक्षक अनोळखी होता. त्याने काय खाल्लं वगैरे काही विचारलं नाही, चढावर थांबायला सांगितलं. वहिनी थांबली, आणि निघाली. गाडी बोटभरही मागे आली नाही. कागद हातात घेऊन ती बाहेर आली, तेव्हा ऊन चांगलं डोक्यावर आलं होतं. मी तिला मिठीच मारली. "चला, दादाला फोन लावू? बिचारा घड्याळाकडे बघत बसला असेल."

"लावू की," वहिनी म्हणाली. कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि रस्त्यापलीकडच्या खाणावळीकडे बघितलं. "पण आधी जेवू. मला भूक लागलीये."

हे वाक्य वहिनीच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.