रुमालाखालचा भाव
दुसरे महायुद्ध संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात, सांगलीच्या हळदीच्या सौद्यात, मी एक आकडा मोठ्याने बोललो. पुण्याला मी वाणिज्य आणि अर्थशास्त्र एकत्र शिकत होतो. बाजारात भाव सर्वांना ठाऊक असतो, असे अर्थशास्त्राच्या तासाला शिकवत. इथे मात्र शेतकऱ्याचा माल विकून देणारा अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवत आणि तिसऱ्याला तो कळू देत नसत. हे कसे चालते, ते मला पाहायचे होते. पिवळ्या धुळीने घसा खवखवत होता. कोरेगावकडच्या एका शेतकऱ्याची वर्षाची हळद समोर ढिगात होती. मी फारच मागे लागलो, तेव्हा त्याच्या अडत्याने पहिल्या खरेदीदाराचा भाव रुमालाखाली माझ्या बोटांवर दाबून दाखवला. तो ओळखता आल्याच्या आनंदात मी आकडा मोठ्याने बोलून गेलो. दुसऱ्या खरेदीदाराने हसत तेवढाच भाव दाबला, तिसऱ्यानेही तेवढाच. "आवं, बोटं बोलत्यात तितं त्वांड कशाला उघाडलं?" शेतकरी म्हणाला. "शिकलेले आहेत ते," अडत्या म्हणाला, "आधी बाहेर काढा त्यांना." मला दाराबाहेर उभे केले. नुकत्याच आलेल्या चौथ्या खरेदीदाराशी सौदा झाला. शेतकरी हसत बाहेर आला. मी भाव विचारला. "तुमास्नी? न्हाई सांगत," म्हणून तो गाडीकडे गेला. त्या हळदीचा भाव मला आजवर कळलेला नाही.