अकरा नंबरचं पोर्ट

माझं काम काय, हे मला सासुरवाडीत अजून नीट सांगता आलेलं नाही. तिवस्याला गेलो की सासरे विचारतात, "जवाईबापू, मोबाइलमधी काय पायता एवढं?" मी म्हणतो, "अकोल्याचा दवाखाना पाहून राहिलो." ते बिचारे लगेच घाबरतात. "काहून? कोन आजारी हाये?"

आजारी कोणी नसतं. मी स्विच पाहत असतो. दिव्याचं बटण नव्हे. चोवीस भोकांची चपटी लोखंडी पेटी. दवाखान्यातल्या प्रत्येक कॉम्प्युटरची वायर या पेटीत एकेका भोकात येऊन बसते. त्या भोकाला पोर्ट म्हणतात. पूर्वी एखादी वायर बंद पडली तर अमरावतीहून अकोल्याला जाऊन, कपाट उघडून, डोळे बारीक करून दिवे मोजावे लागत. आता ही पेटी स्वतःच इंटरनेटवरून आपली हालहवाल कळवते. मोबाइलवर चोवीस चौकोन दिसतात. वायर जिवंत असेल तर चौकोन हिरवा, मेली की करडा. कधी मेली, कधी उठली, त्याची वेळही लिहून ठेवते. प्रत्येक चौकोनाला मी मराठी अक्षरांत नाव दिलं आहे: रिसेप्शन, लॅब, मेडिकल, डॉक्टर मॅडमचं टेबल. बाकीचे लोक नावं घालत नाहीत. त्यांना आळस येतो. अकरा नंबरच्या चौकोनावर मी लिहिलं आहे, एक्स-रे.

या दवाखान्याची पहिली वायर मीच ओढली. पण नाव दुसऱ्याचं लागलं, आणि माझं दुखणं तिथंच आहे.

नांदगाव खंडेश्वरजवळच्या आमच्या खेड्यातून मी अकोल्याला आलो, तेव्हा जठारपेठेतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात लागलो. मालकांना सगळे भाऊ म्हणत. सात वर्षं त्यांच्याकडे काढली. या दवाखान्याच्या तिन्ही मजल्यांवर भिंतीला छिद्रं मी पाडली, छताखाली उकिडवं बसून वायरी मी सरकवल्या. भाऊ खाली डॉक्टरांसमोर चहा पीत बसले आणि मी धुळीनं पांढरा होऊन खाली आलो तेव्हा म्हणाले, "हा आपला वायर ओढनारा." काम संपल्यावर पेटीच्या कपाटावर त्यांच्या दुकानाचं स्टिकर लागलं. ते अजून आहे. नखानं निघेल, पण मी काढत नाही. राग ताजा राहिलेला बरा असतो. धंद्यात उपयोगी पडतो.

पुढं मी अमरावतीत स्वतःचं दुकान टाकलं. दवाखाना जुन्या डॉक्टरांकडून मॅडमच्या हाती आला, आणि भिंतीत कुठली वायर कुठून जाते हे फक्त मलाच सांगता येतं, हे त्यांना दोन वेळा अडल्यावर कळलं. वर्षभराच्या देखभालीचं काम माझ्याकडे आलं. भाऊंना ते झोंबलं, हे सांगायला नको.

मागच्या एप्रिलमध्ये मॅडमचा फोन आला. आवाजावरूनच समजलं की आज नमस्कार-चमत्कार नाही.

"आठ दिवस झाले, दुपारी एक्स-रे माझ्या टेबलावर येत नाही. येतो, जातो, येतो, जातो. म्हातारी माणसं मोडलेला हात धरून बसून असतात. तुम्ही तिकडं मोबाइलवर पाहता काय नेमकं?"

"मॅडम, मी पाहतोच आहे—"

"जठारपेठेतले भाऊ काल येऊन गेले. ते म्हणतात स्विच खराब आहे. म्हणतात, अमरावतीत बसून काही दिसत नसतं, मी दहा मिनिटांत पोचतो. शुक्रवारपर्यंत नीट करा. नाहीतर एक तारखेपासून वर्षाचं काम त्यांना."

फोन ठेवला आणि मी पेटलो. हा दवाखाना गेला असता तर अकोल्यातला माझा पाय निघाला असता. त्याच्याकडे पाहूनच बाजूच्या दोन लॅबवाल्यांनी मला काम दिलं होतं. भाऊंच्या नावानं मी घरात बरंच काही बोललो, ते इथं लिहिण्यासारखं नाही. बायको गहू निवडत होती. तिनं मानही वर केली नाही. म्हणाली, "आधी पाहून तं घ्या काय झालं ते. भांडाले अख्खा शुक्रवार पडला हाये."

तिचं हे असं बोलणं मला आवडत नाही, कारण ते बरोबर असतं.

मी मोबाइल सोडून कॉम्प्युटरवर बसलो आणि अकरा नंबरची नोंद उघडली. रोज दुपारी बाराच्या सुमाराला चौकोन हिरव्याचा करडा, करड्याचा हिरवा, असा फडफडायला लागे तो पाचपर्यंत. सकाळी एकदम शहाणा. शेजारचे दहा आणि बारा नंबर दिवसभर हिरवे. पेटी खराब असती तर एकट्या अकरानंच काहून मरावं? आणि घड्याळ पाहून काहून मरावं?

मग रविवार पाहिला. रविवारी दुपारची ओपीडी बंद असते. एक्स-रेचा कॉम्प्युटर मात्र सुरूच असतो. त्या दुपारी एकदाही पडला नव्हता. बुधवारीही नाही. बुधवारी काय झालं होतं? मी रिसेप्शनवरच्या ताईंना फोन लावला.

"बुधवारी? अहो, दुपारभर लाइन नव्हती ना. जनरेटरवर काढलं सगळं. घामानं जीव चालला होता आमचा."

"घामानं? काहून?"

"कूलर कुठी चालते जनरेटरवर?"

मी टेबलावर हात आपटला. बायकोनं आता मान वर केली. रविवारी कूलर बंद, बुधवारी कूलर बंद, आणि त्याच दोन दिवशी पोर्ट ठणठणीत. जे काही होतं ते कूलरपाशी होतं, आणि मी ते अमरावतीतल्या माझ्या खुर्चीतून पाहिलं होतं. भाऊंच्या तोंडावर हे कसं मारायचं, याची वाक्यं मी शुक्रवारी सकाळी बसमध्ये बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत घोटत गेलो.

अकरा वाजता दवाखान्यात पोचलो, तर भाऊ नव्या स्विचचं खोकं मांडीवर घेऊन आधीच बसलेले. मला पाहून म्हणाले, "या, मोबाइलवाले डॉक्टर. नाडी पाहाले स्वतः आले का?"

"तुमी खोकं नका उघडू, भाऊ. वापस न्यायचं हाये ते."

"तुझा ताव काही गेला नाही रे बाबू."

"शिकलो तुमच्यापाशीच."

मॅडमनं दोघांना गप्प केलं आणि आम्ही एक्स-रेच्या खोलीमागं, बाहेरच्या अंगाला गेलो. तिथं खिडकीला भलामोठा पत्र्याचा कूलर, लोखंडी स्टँडवर. आमच्याकडे होळी झाली की कूलर बाहेर निघतात, नवीन गवत भरलं जातं, आणि वर्षभर पडून राहिलेलं स्टँड हमखास डुगडुगतं. मग जे हाताला सापडेल त्यानं ते खिडकीच्या गजाला बांधतात. नाडा, साडीचा काठ, आणि हल्ली सगळ्यात पक्की म्हणून नेटची वायर. अर्ध्या वऱ्हाडातले कूलर नेटच्या वायरीनं बांधलेले असतील. इथंही निळ्या वायरीचे तीन वेढे होते, वर गच्च गाठ. फरक एवढाच की ही वायर तुटका तुकडा नव्हती. भिंतीतून बाहेर येऊन, वेढे घेऊन, ती परत भिंतीत जात होती.

मी रिसेप्शनला सांगून कूलर लावायला लावला. पंखा फिरला तसं स्टँड थरथरलं आणि त्याची धार वायरीवर घासू लागली. मोबाइल मॅडमसमोर धरला. अकरा नंबर हिरवा, करडा, हिरवा, करडा. कूलर बंद केला. हिरवा.

"हे कोणी बांधलं?" मॅडम म्हणाल्या.

दवाखान्यातले जुने शिपाई आमच्या मागं उभे होते. साठी ओलांडलेले, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी हात वर केला, शाळेत करतात तसा.

मी कडाडलोच. "मामा, चालू वायर हाये ती! कूलर बांधाले दुसरं काही भेटलं नाही का तुमाले? अठी माझं नाव खराब होऊन राहिलं!"

भाऊही लागले. "असे लोक ठेवता मॅडम तुमी, मंग स्विच काय करन?"

मॅडमनं मामांकडे नुसतं पाहिलं आणि कुठल्याशा पेशंटनं हाक मारली म्हणून त्या दारापर्यंत गेल्या. तेवढ्यात मामा माझ्या जवळ आले. हळू म्हणाले, "साहेब, तुमीच तं म्हटलं होतं मले मागच्या सालच्या उन्हाळ्यात. हा वायर मेलेला हाये मामा, काही कामाचा नाही, वापरून टाका. म्हनून मी या साली बांधला."

मी म्हटलं होतं. अगदी असंच. तेव्हा ती वायर खरंच मेलेली होती. पण दिवाळीच्या सुमाराला एक्स-रेची खोली इकडं हलली. मॅडमनं माझ्या अंदाजपत्रकातून नव्या वायरीची ओळ खोडली. आम्ही तासभर घासाघीस केली, आणि शेवटी मी चिडून मनात म्हटलं, ठीक आहे, जसं देता तसं घ्या. ही जुनी बाहेरची वायर तपासली, चालली, जोडून दिली, अकरा नंबरला ठसक्यात नाव लिहिलं. ती आता जिवंत झाली आहे, हे मामांना सांगायचं मात्र राहिलं. चोवीस पोर्टांची नावं कॉम्प्युटरवर, आणि त्या वायरीवर बोटभर चिठ्ठीसुद्धा नाही.

मॅडम परत आल्या. मामा बाजूला झाले. ते पुढं काही बोलणार नाहीत, हे मला दिसत होतं. मी गप्प राहिलो असतो तर काम माझंच होतं. आणि बोलायचं तर कोणासमोर? सात वर्षं मला वायर ओढणारा म्हणणाऱ्या माणसासमोर, काखेतलं खोकं त्यानं अजून सोडलेलं नसताना.

"मॅडम, मामांची चूक नाही," मी म्हटलं. "ही वायर बाद आहे, वापरून टाका, असं मीच त्यांना सांगितलं होतं. मग तुम्ही नव्या वायरीचा खर्च कापला म्हणून रागानं मी हीच जोडली. आणि त्यांना कळवलं नाही."

भाऊ हसले. मोठ्यानं नाही, पण हसले. "म्हंजे अमरावतीहून स्वतःचीच चूक पकडाले आला. वा राजेहो."

"पकडली ना पन," मी म्हटलं. "तुमी तं पेटीच बदलून राहिले होते. नव्या पेटीतबी कूलर लागला की एक्स-रे मेलाच असता."

भाऊंनी खोकं या काखेतून त्या काखेत घेतलं. मॅडम मात्र माझ्याकडे पाहत होत्या, बिल तपासताना पाहतात तशा.

"वायर नवीन टाका. आज. तुमच्याकडून."

"वायर माझी, मेहनत माझी. पण वायर झाकायची प्लास्टिकची पट्टी दवाखान्याकडून. उघडी वायर मी आता ठेवणार नाही."

"आणि काम सहा महिने देते. नंतर बघू."

"सहा महिने कोणी किरायानंसुद्धा राहत नाही, मॅडम. वर्ष."

"चूक तुमची, आणि अटी पण तुमच्या?"

"चूक सांगितली कोणी?"

त्या पहिल्यांदा हसल्या. "बरं. वर्ष. पण ते हिरवे चौकोन माझ्या कॉम्प्युटरवर पण दिसले पाहिजेत. मला तुमच्यावर लक्ष ठेवायचं आहे."

ही अट मला बिलकुल आवडली नाही, आणि मी लगेच मान्य केली.

भाऊ खोकं घेऊन गेले. जाताना मामांना नमस्कार केला, मला नाही. मामांनी आणि मी मिळून खोलीच्या आतल्या अंगानं नवी वायर टाकली, पट्टीत बंद केली, दोन्ही टोकांना चिठ्ठी लावली. कूलरला मामांनी बाजारातून आणलेली नायलॉनची दोरी बांधली. गाठ मारताना मला विचारलं, "हे चालते ना साहेब? पुढच्या साली जिवंत तं नाही होनार?"

एक वाजता कूलर पूर्ण जोरात सुरू झाला. एका बाईंच्या मनगटाचा एक्स-रे निघाला आणि मॅडमच्या टेबलावर उमटला. त्यांनी तो मोठा करून पाहिला, बाईंना काहीतरी समजावलं, आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. मला थांबा म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. मी कूलरच्या वाऱ्यात उभा राहून आणखी तीन एक्स-रे जाऊ दिले, मग बसस्टँडकडे निघालो.