काल काय सांगितलं होतं

आमच्या वाहिनीवर हवामान सुरू झालं तेव्हा तो कार्यक्रम नव्हताच. बातम्या आणि जाहिराती यांच्यामध्ये तीन मिनिटं उरायची, तेवढ्यात कुणीतरी हवामान खात्याच्या अंदाजाचा कागद वाचून टाकायचं. शहागंजात एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर स्टुडिओ होता. मी तिथं बातम्या टाइप करायचे. हवामान वाचणाऱ्या मुलीनं नोकरी सोडली त्या दिवशी संपादकांनी मला खुर्चीत बसवलं. सोयगावकडची, मेंढपाळाच्या घरातली म्हणजे हिला आभाळ कळत असणार, एवढाच त्यांचा हिशेब.

वडिलांना खरंच कळायचं. वारा कुठून सुटलाय ते बघून ते कळप हलवायचे. पण मी टीव्हीवर दिसायला लागल्यापासून रोज संध्याकाळी शेजाऱ्यांकडे जाऊन माझं ऐकू लागले.

पुढं जाहिराती वाढल्या आणि तीन मिनिटांचं दीड मिनिट झालं. मी वाक्यं कापायला शिकले. फेब्रुवारीतल्या एका दिवशी कागदावर होतं, ‘हवामान कोरडे, तुरळक ठिकाणी हलका पाऊस.’ मी फक्त पहिला भाग वाचला. म्हटलं, उद्या पाऊस नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावाचा फोन आला. वडिलांनी सकाळीच मेंढ्यांची लोकर कातरून घेतली होती आणि उघड्या अंगावर पाऊस आला. दोन मेंढ्या गारठून मेल्या होत्या. मी वडिलांना फोनवर बोलावून घेतलं आणि विचारलं, तुम्हाला दिसलं नाही का?

"दिसलं की. वारा फिरला व्हता," ते म्हणाले. "पण तू म्हणलीस नाय, मग म्हणलं नाय."

रागावले असते तर बरं वाटलं असतं. मी कालचा कागद शोधून काढला. मी वगळलेले ते चार शब्द तिथंच होते.

संपादकांना सांगितलं की आज मी आधी कालची चूक सांगणार. त्यांना ते पटलं नाही. कालचा अंदाज कुणाच्या लक्षात राहत नाही, आपणच चूक कबूल केली तर उद्या ऐकेल कोण, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, माझ्या घरात लक्षात राहिलाय. शेवटी त्यांनी अर्धं मिनिट दिलं.

त्या संध्याकाळी मी कॅमेऱ्याकडे बघून सांगितलं, "काल मी पाऊस नाही म्हणाले. तुरळक ठिकाणी पडेल असं कागदावर होतं, ते मी वगळलं. सोयगावकडं पाऊस झाला, नुकसान झालं. चूक माझी आहे." मग उद्याचा कागद एकही शब्द न गाळता वाचला.

सकाळी शिव्या ऐकायच्या तयारीनं ऑफिसात गेले. पहिला फोन हर्सूलच्या एका बाईंचा होता. त्यांचा काढलेला हरभरा भिजला होता, पण त्या तक्रार करत नव्हत्या. आमच्याकडंही पडला, तेवढं लिहून घ्या, म्हणाल्या. मग खालचे कापडवाले चाचा जिना चढून आले. माझ्या टेबलापाशी उभे राहून म्हणाले, "बेटी, सच बोली तू. अब सुनेंगे."

दुपारपर्यंत इतके फोन आले की संपादकांनी स्वतः वही घेतली आणि कुठं किती पडला ते उतरवायला बसले. पुढच्या आठवड्यात हवामानाला पाच मिनिटं मिळाली. सुरुवात ठरून गेली: काल काय सांगितलं होतं, काल काय झालं. मगच उद्याचं. त्या हर्सूलच्या बाई आणि त्यांच्यासारखे गावोगावचे लोक रोज फोनवर पाऊस कळवू लागले.

आता आमचा कार्यक्रम लोक मोबाइलवर बघतात. मधल्या काळात एका नव्या संपादकांनी ती सुरुवात काढायचं ठरवलं होतं. दोन दिवस काढली आणि लोकांनीच परत मागून घेतली. मला याचा लई अभिमान आहे, आणि तो लपवायची गरज वाटत नाही. अंदाज आजही चुकतो. चुकला की आमच्याकडं ते पहिल्या वाक्यात सांगितलं जातं.

मी तयार केलेल्या दोन मुली आता निवेदन करतात. त्यातली धाकटी रोज दुपारी माझ्या वडिलांना फोन लावून तिकडचं आभाळ विचारते. ते तिला सगळं सविस्तर सांगतात. परवा निवेदनात तिनं त्यांनी सांगितलेला एक शब्द गाळला, तर त्यांनी कार्यक्रम संपायच्या आत फोन करून तिला तो वाचायला लावला.