धुरकरी गफूर पिंजारी

पटाच्या दिवशी गफूर पिंजारी पायात काही घालत नसे. लोक जमायच्या आधी, उन्हं नुकती किल्ल्याच्या बुरजावर आलेली असताना, तो माळावर यायचा आणि बैल ज्या वाटेनं धावणार ती सगळी वाट या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालायचा. खडा टोचला की वाकून उचलायचा आणि लांब भिरकावायचा. कुठे भुसभुशीत लागलं तर टाचेनं दाबून बघायचा. हे काम कुणालाही सांगता येईल, तूच कशाला करतोस, असं मी एकदा त्याला विचारलं. तो म्हणाला, "म्हादू मिस्तरी, बैलाच्या पायात जोडा हाय का? मग मी कावून घालू?"

मोगलाईतल्या त्या दिवसांत धारूरच्या आसपास बैलांच्या शर्यतीचं भारी वेड होतं. शर्यतीला आम्ही पट म्हणायचो आणि छकड्यावर बसून जोडी हाकणाऱ्याला धुरकरी. गफूर धंद्यानं पिंजारी. गाद्या-रजया भरणारा. भुवयांत कायम कापसाचे तंतू अडकलेले, त्यामुळे तिशीतच म्हातारा दिसायचा. अंगानं इतका किरकोळ, की उभा राहिला तर गर्दीत सापडायचा नाही. पण जोडीमागं बसला की चौसाळ्यापासून अंबाजोगाईपर्यंतची माणसं त्याच्या नावानं घसा फुटेस्तोवर ओरडायची. बैल गावच्या देशमुखांचे होते. लोक मात्र 'गफूरची जोडी' म्हणायचे. देशमुखांना ते कधीच आवडलं नाही.

मी सुतार. त्याचा छकडा मी केला, तीच आमची ओळख. पहिला छकडा त्यानं न चालवताच परत आणला. दुसराही. तिसऱ्या वेळी मी चिडलो, तसा तो माझ्या दुकानात जमिनीवर आडवा झाला, मला चाक फिरवायला लावलं आणि डोळे मिटून ऐकत राहिला. मग उठून एका आऱ्यावर बोट ठेवलं. तो आरा खरंच बाकीच्यांपेक्षा सुतभर जाड होता. त्या दिवसापासून मी त्याच्यापुढे कारागिरीच्या बढाया मारल्या नाहीत. पट जवळ आला की तो आठवडाभर रात्रीची भाकरी सोडायचा. बैलांना ओझं कमी, म्हणायचा. मी म्हणायचो, अरे, तुझ्यात कमी करण्यासारखं आहे तरी काय?

तो पराणी कधी वापरत नसे. बाकीचे धुरकरी बैलांना टोचून रक्त काढायचे. हा कासरा धरून नुसता बोलत राहायचा. देशमुखांनी एकदा खुशीत येऊन त्याला चांदीच्या मुठीचा चाबूक दिला. आठ दिवसांनी त्यानं तो अदबीनं परत नेऊन दिला आणि सांगितलं, की मालक, चीज लई झ्याक हाय, पर कापूस झोडायला बी कामाची न्हाई. आम्हाला मात्र तो समजावून सांगायचा, "भिऊन पळणारं जनावर सरळ पळत न्हाई बे. त्याचा एक डोळा मागं असतो."

चौसाळ्याच्या पटात मी त्याला हरताना पाहिलं. जोडी पुढे होती. शेवटची रेघ वीस पावलांवर असेल. उजवा बैल किंचित लंगडल्यासारखा वाटला आणि यानं कासरा ओढून जोडी उभी केली. शेजारची जोडी निघून गेली. देशमुखांचा चेहरा काळाठिक्कर पडला, लोक शिव्या देऊ लागले. गफूर खाली उतरला, बैलाचा खूर उचलून आत रुतलेली बाभळीची काटकी काढली आणि ती बोटांत धरून लोकांमधून चालत आला. म्हणाला, "मी हरलो. बैल हरला न्हाई." पुढच्यांनी वाकून ती काटकी बघितली. मग शिव्या देणाऱ्यांनीच त्याला खांद्यावर घेतलं. जिंकलेल्या धुरकऱ्याकडे त्या दिवशी कुणी बघितलं नाही.

तो गेला त्या वर्षी धारूरच्या पटाला जिल्ह्याहून एक बडे साहेब येणार होते. त्यांना शेवट जवळून दिसावा म्हणून देशमुखांनी तंबू बैलांच्या वाटेच्या, धावेच्या, अगदी कडेला ठोकला. सकाळी गफूर वाट चालायला गेला तेव्हा त्याचा पाय खुंटीला अडखळला. तंबूचे दोर धावेत आले होते आणि ते दाबायला मोठे धोंडे ठेवले होते. तो आधी देशमुखांच्या माणसांकडे गेला, मग देशमुखांकडे. मी सोबत होतो. तंबू दहा पावलं मागं घ्या, एवढंच तो म्हणाला. देशमुख म्हणाले, साहेब काय तुझ्या सोयीनं बसणार? गफूर म्हणाला, मग मी हाकत नाही. देशमुखांनी मान न वळवता सांगितलं, की दुसरा हाकील.

परत येताना गफूरनं वाटेतला एक खडा उचलून भिरकावला. मग म्हणाला, "दुसरा बसला तर टोचून पळवील. बैल सरळ त्या दोरांत जातील. मीच बसतो." मी त्याला अडवलं नाही.

दुपारी वारा सुटला. जोडी भरधाव येत असताना डावीकडच्या तंबूची कनात सुटून फडफडली. डावा बैल बुजून उजवीकडे ओढला गेला, आणि उजवीकडे तर माणसं जमिनीवर मांडी घालून बसलेली, चार-पाच रांगा. गफूरनं सगळं अंग डावीकडे टाकून कासरा ओढला. जोडी वळली, माणसं वाचली, पण छकड्याचं चाक खुंटीवर चढलं आणि तो दोरावरच्या धोंड्यावर डोक्यानं आदळला. बैल दहा पावलांवर आपोआप थांबले. मी पोचलो तेव्हा त्याचे डोळे उघडे होते, पण त्यांत काही उरलं नव्हतं.

साहेब लगेच निघून गेले. तंबू उतरवला गेला, खुंट्या उपटल्या, धोंडे हलवले. मग पोलिसाचा अंमलदार आला आणि त्यानं उर्दूत पंचनामा लिहिला. त्यात असं, की गाडीवान दारूच्या नशेत होता, त्याला जोडी आवरली नाही. तंबूचं नावही नव्हतं. छकडा करणारा म्हणून माझी सही हवी होती. मी उर्दूची दोन बुकं शिकलेलो. काय लिहिलंय ते मला नीट वाचता येत होतं. देशमुख शेजारी उभे होते. माझं दुकान त्यांच्या जागेत होतं. त्यांनी त्याची आठवणही करून दिली नाही, तशी गरजच पडली नाही. मी सही केली.

गफूरच्या मातीला किती माणसं आली ते मला सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशीही येत राहिली, कारण लांबच्यांना बातमी उशिरा पोचली. चौसाळ्याची माणसं घाट चढून पायी आली. कुणी आपली जोडी घेऊन आलं, बैलांच्या गळ्यातल्या घंटा काढून ठेवल्या, जोडी कब्रस्तानाच्या भिंतीपर्यंत नेली, थोडा वेळ उभी केली आणि परत नेली. तिसऱ्या दिवशीच्या फातेहाला न्हावी, कुंभार, बागवान, शेतकरी, सगळे एका सतरंजीवर बसले होते आणि त्याच्या कुठल्या शर्यतीत काय झालं यावरून हळू आवाजात भांडत होते. भांडताना त्यांना बरं वाटत होतं. ज्या बायांना पटाच्या माळावर पाऊल टाकायची मुभा नव्हती, त्याही त्याच्या बायकोपाशी येऊन बसल्या.

आणि मग दारूची गोष्ट बाजारात आली. ज्यांच्या अंगावरून जोडी जाता जाता राहिली होती, ती माणसं पेटून उठली. एका बागवानानं देशमुखांच्या माणसाला भाजी तोलून द्यायचं नाकारलं. न्हाव्यानं वस्तरा मिटून ठेवला. माझ्याकडे येऊन लोक म्हणायचे, मिस्तरी, तुम्ही तर सोबत होता, त्या कागदावर सही कुणी केली असेल? मी रंधा मारत राहायचो.

चाळिसाव्या दिवसाची फातेहा झाल्यावर गफूरच्या बायकोनं, जैनबभाभीनं, मला निरोप धाडला. ती दाराच्या पडद्याआड बसली होती. त्या कागदावर काय लिहिलंय ते वाचून दाखवा, म्हणाली. कागद माझ्याकडे नव्हता, पण मला तो पाठ होता. मी सांगितला, आणि खाली कुणाची सही आहे तेही सांगितलं.

मग तिनं विचारलं, "त्यांनी दारू कधी पिली?"

"कधीच न्हाई."

"मग हे मला कावून सांगता? मला ठावं हाय. ज्यांना ठावं न्हाई, त्यांना सांगा."

एवढंच बोलली. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या वर्षी देशमुखांनी पुन्हा पट भरवला. तीच जोडी, दुसऱ्या गावचा नवा धुरकरी, हातात चांदीच्या मुठीचा तोच चाबूक. माणसं नेहमीपेक्षा जास्त आली होती. पहिली धाव सुटायच्या आधी चाकांचा आस तपासायच्या निमित्तानं मी छकड्यापाशी गेलो आणि त्याच्यावर चढून उभा राहिलो. मी ओरडून सांगितलं, की गफूर प्यालेला नव्हता. तंबूचे दोर धावेत होते, त्यानं हटवा म्हणून सांगितलं होतं, मी ऐकलं होतं. कागदावरची खोटी सही माझी आहे. देशमुखांच्या माणसांनी मला खाली ओढलं. दोन-चार तडाखे बसले, पण सांगून झालं होतं.

मला वाटलं, लोक माझ्यावर धावून येतील. तसं काही झालं नाही. पुढच्या रांगेत एक म्हातारा कुंभार बसला होता. तो गुडघ्यावर हात टेकून उठला आणि धावेकडे पाठ करून उभा राहिला. त्याच्या शेजारचा उठला. मग ती रांग, मग मागची, मग समोरच्या बाजूची. बघता बघता माळावरची सगळी माणसं पाठ करून उभी होती. मीही फाटलेली बंडी सावरून त्यांच्यात जाऊन उभा राहिलो.

देशमुखांनी इशारा केला. जोड्या सुटल्या. आमच्या पाठीमागून खुरांची धडधड गेली, चाकांची खडखड गेली, चाबकाचा आवाज गेला. एकानंही मान वळवली नाही. रेघेपाशी कुणीतरी जिंकणाऱ्याचं नाव पुकारलं, दोनदा पुकारलं. शेवटी त्याचा आवाज बारीक झाला.

महिन्याभरात माझं दुकान गेलं. हत्यारांची पेटी बैलगाडीत टाकून मी अंबाजोगाईला बिऱ्हाड केलं आणि तिथंच पोट भरलं. तो पंचनामा कुठल्या तरी कचेरीत अजून असेल. कुणी बदलला नाही. पण त्या मुलखात गफूर पिंजारी पिऊन मेला असं म्हणणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

पाठ फिरवली त्या दिवशी माळावरून निघालेली माणसं घरी गेली नाहीत. उन्हं कलताना सगळा घोळका गफूरच्या घरासमोर येऊन थांबला. जैनबभाभी ओसरीवर नवऱ्याच्या धनुकलीनं कापूस पिंजत होती. ते काम बाईनं करायचं नाही असं तिला पुष्कळांनी सांगून झालं होतं. एवढी माणसं बघून तिनं पदर पुढे घेतला, पण तिचा हात थांबला नाही.

तिनंच विचारलं, "पट झाला का?"

"झाला," कुंभार म्हणाला.

"कोण जिंकलं?"

म्हाताऱ्यानं आमच्याकडे एकवार बघितलं आणि मग तिला सांगितलं, "कुणी बघितलं न्हाई, भाभी."