कावळ्याची वाट

बाबांच्या पहिल्या वर्षश्राद्धाची तयारी मी यादी करून केली. दर्भ, काळे तीळ, केळीची पानं, सगळं आदल्या दिवशी इथल्या लिटिल इंडिया या भारतीय बाजारातून आणलं. ऑफिसात रजा टाकली, पुण्याच्या गुरुजींना व्हिडिओ कॉलवर बसवलं. अशा वेळी मी स्वतःवर जरा जास्तच खूश असतो. विसरलो होतो फक्त कावळा.

विधी आटोपल्यावर आईनं कावळ्याचं पान वाढलं आणि क्वीन्सटाउनमधल्या आमच्या नवव्या मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये ते हातात घेऊन उभी राहिली. "कावळा शिवला की जेवू," म्हणाली. तिला शुगर आहे आणि सकाळपासून पोटात फक्त पाणी. दोन साळुंक्या आल्या, त्यांना तिनं पदरानं हाकललं. साडेबारा वाजले. मी म्हटलं, "अगं, इथे कावळे फार नाहीत. शिवाय पक्ष्यांना खायला घातलं तर दंड होतो." "मग मी उपाशी राहते," असं शांतपणे सांगून ती मोठ्यानं "काव, काव" करायला लागली. मला घाम फुटला.

आवाजानं दोन्हीकडची दारं उघडली. डावीकडून चिनी अंकल आले, "युअर मदर ओके?" विचारत. उजवीकडून मलाय शेजारीणबाई आल्या, त्यांना आम्ही सगळे माकचिक, म्हणजे मावशी, म्हणतो. मी शरमत सांगितलं की वडिलांना जाऊन वर्ष झालं, आज कावळ्यानं आधी घास घ्यायचा असतो, तोवर आई जेवणार नाही. वाटलं, हसतील. अंकल मुळीच हसले नाहीत. गेलेल्या बायकोसाठी ते दर वर्षी खाली कागदी कपडे जाळतात, आणि राख वर येते म्हणून मी दोनदा कुरकुर केली होती. ते आठवून मला स्वतःचाच राग आला.

"कावळा आहे," माकचिक इंग्रजीत म्हणाल्या. "खालच्या झाडावर. मी खाली ज्या मांजरांना खायला घालते, त्यांचे मासे रोज पळवतो."

राहिला कायदा. तो अंकलनी निकालात काढला. "यू नो फीडिंग. यू ईटिंग. क्रो स्टील, व्हॉट टू डू?"

मग आमची वरात लिफ्टनं खाली गेली. झाडाजवळच्या दगडी टेबलावर पान मांडून आम्ही जेवायला बसल्याचं सोंग घेतलं. माकचिकनी तिन्ही मांजरांना लांब नेऊन खाण्यात गुंतवलं. कावळा होता खरा, पण फांदीवरून नुसता बघत होता. गेलेल्याचा जीव कशात अडकलाय ते ओळखून कबूल करावं लागतं, म्हणून आईनं हात जोडले. "गोळ्या वेळेवर घेईन. पुण्याचं घर विकणार नाही." मी म्हटलं, "आईला एकटीला ठेवणार नाही." कावळ्यानं मान वाकडी केली, बस्स.

ती काय बोलते, अंकलनी विचारलं. मी सांगितलं. टेबलावर रंगवलेल्या बुद्धिबळाच्या पटावर त्यांनी बोट टेकवलं. बाबा इथे आले की रोज संध्याकाळी दोघं याच टेबलावर खेळायचे. एकमेकांचं इंग्रजी दोघांनाही कळत नसे, आणि बाबा एकेका खेळीला अर्धा तास लावत. अंकल झाडाकडे बघून म्हणाले, "ओल्ड मॅन, युअर टर्न. टेक युअर टाइम, आय वेट. बट लेट युअर वाइफ ईट फर्स्ट."

कावळा उतरला. त्यानं भाताला चोच लावली आणि वडा घेऊन गेला.

मी इंजिनिअर आहे. मांजरं लांब होती, कावळा भुकेला होता, एवढं मला समजतं. तरी मी तिथे ढसाढसा रडलो, आणि त्यात आनंदच जास्त होता. माकचिकनी एक मांजर काखेत धरूनच टाळ्या वाजवायचा प्रयत्न केला.

वर आल्यावर आईनं दोनाची चार पानं केली. जेवण शाकाहारी आहे, हलालची काळजी नको, हे माकचिकना खुणांनी पटवलं. खिडकीपाशी बाबांची खुर्ची आहे. वर्षभर तिच्यावर आईनं कुणाला बसू दिलं नव्हतं, मलासुद्धा नाही. ती अंकलच्या समोर ओढून तिनं मला सांगितलं, "त्यांना म्हणावं, इथे बसा." मी इंग्रजी जुळवेपर्यंत अंकल बसलेही होते, आणि आई त्यांच्या पानात खीर वाढत होती.