सासऱ्यांनी रेतीत घातलेला हात

उकडलेलं अंडं सोलताना जरासा वास आला, की माझा हात अजून पंपाच्या बटणाकडे धावतो. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात घरात समुद्र पाळणारा मी साऱ्या जगात एकटाच. वरच्या टाकीत पोवळी आणि बायकोचे जीव की प्राण असलेले दोन नारिंगी मासे. खालच्या टाकीत वीतभर जाड रेती आणि समुद्री शेवाळ, वरची घाण तिथं पचावी म्हणून. ती रेती वर्षभर कोणी हलवली नव्हती. एकदा सिंदेवाहीकडच्या तलावावर मासेमारी करणारे सासरे आले आणि त्यांना रेतीतून बुडबुडे निघताना दिसले. "जावईबापू, खाली वांब मासोळी लपून बसून राह्यली!" मी "मामाजी, नका" म्हणेपर्यंत त्यांचा हात कोपरापर्यंत आत. काळा ढग उठला आणि सडक्या अंड्यांचा असा वास सुटला, की ताडोबातल्या वाघांनी नाकं दाबली असतील. रेतीत वर्षभर कोंडलेला तो विषारी वायू पाण्यासोबत पंप सरळ वरच्या टाकीत चढवत होता! मी झेप घेऊन बटण बंद केलं, तोवर एक मासा आडवा. "हा काऊन असा पडला? पोरीले काय सांगू आता मी?" सासरे म्हणाले. बायको बाजारातून कुठल्याही क्षणी येणार होती. वर हवेची नळी सोडून आम्ही दोघं काचेला नाक लावून उभे, श्वास घ्यायचीही भीती. फाटक वाजलं, तेव्हाच माशाचा कल्ला हलला आणि तो हळूहळू सरळ झाला. "वास कायचा येऊन राह्यला?" बायकोनं विचारलं. "अंडी नासली," सासरे काळा हात पाठीमागे धरून म्हणाले. आजही ते आले की टाकीसमोरच बसतात, पण दोन्ही हात मांडीखाली दाबून.